अग्रक्रमाचा प्रश्न

निवडणुकीचे वारे वाहू लागले म्हणजे आपल्याकडे दोन याद्या तयार होतात. एक उमेदवारांची व दुसरी आश्वासनांची. पहिली यादी आखूड असते म्हणून पक्षापक्षांत भांडणे होतात. दुसरी कितीही लांबली तरी कोणाची हरकत नसते. कोणत्याही मतदारसंघातील कोणत्याही उमेदवाराची पुस्तिका उघडून पाहावी. रस्ते, नळयोजना, सभामंडप, हमीभाव, बेकारांना काम, महिलांचे सबलीकरण, तीर्थक्षेत्राचा विकास, क्रीडासंकुल, वृद्धांना निवृत्तिवेतन असे सर्व काही तिच्यात एका ओळीत उभे असते. काय आधी व काय नंतर, हे तिच्यात कोठेही सांगितलेले नसते. साधने मर्यादित आहेत व गरजा अनेक आहेत, म्हणून निवड करावी लागते, ही अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवली जाणारी गोष्ट. पण राजकारणाच्या व्यासपीठावर तिचा उच्चार करणे अशिष्टपणाचे समजले जाते. परिणामी निवड होतेच, परंतु ती निवडणुकीनंतर, मतदाराच्या पाठीमागे, ज्यांचा सत्तेच्या दालनात वावर असतो त्यांच्या सोयीने होते.

समाजवादी चळवळीच्या कार्यकर्त्यांनी हा विषय निवडणूक दूर असतानाच विचारात घ्यावयास हवा. उमेदवारी अर्ज भरण्याच्या आठवड्यात अग्रक्रम ठरत नसतात. त्या आठवड्यात फक्त छपाई होते. राज्य विधानसभेच्या निवडणुकीत आपल्या विचाराचा जो उमेदवार उभा राहील, त्याने आपल्या धोरणांचा क्रम कसा लावावा व तो कोणत्या कसोटीवर लावावा, हा या लेखाचा विषय आहे.

आमच्या मते ही कसोटी नव्याने शोधण्याची गरज नाही. याच भूमीत, याच मुंबई शहरात, एका उमेदवाराने ती घालून दिलेली आहे. १९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळ भागातून उभे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत. घटनेचे शिल्पकार म्हणून व दलितांच्या मुक्तीचे नेते म्हणून त्यांचे स्मरण आपण नित्य करतो. परंतु एका प्रांताच्या विधिमंडळाचा उमेदवार म्हणून त्यांनी जो कार्यक्रम मांडला व निवडून आल्यानंतर त्याचे जे केले, त्याचा अभ्यास समाजवादी वर्तुळात जितका व्हावयास हवा होता तितका झालेला नाही.

त्या निवडणुकीची परिस्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वायत्तता दिली होती. मताधिकार सार्वत्रिक नव्हता. मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटी होत्या आणि बहुसंख्य कष्टकरी त्या अटींच्या बाहेर होते. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या व त्यांपैकी १५ पुणे करारानुसार अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. काँग्रेस हा देशाचा सर्वांत बलाढ्य पक्ष होता व १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर अधिवेशनात तिने शेतकऱ्यांसाठी एक कार्यक्रमही मंजूर केला होता. अशा वेळी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र मजूर पक्ष हा अवघ्या काही महिन्यांचा पक्ष होता. त्याने १७ च्या आसपास उमेदवार उभे केले. खुद्द बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसने पाळवणकर बाळू यांच्यासारख्या लोकप्रिय क्रिकेटपटूला उभे केले होते. तरीही या पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले.

या पक्षाचा जाहीरनामा आज वाचला तर त्याच्या नेमकेपणाचे आश्चर्य वाटते. शेतजमिनीचे तुकडे पडणे व जमिनीवर पडणारा लोकसंख्येचा भार हे दारिद्र्याचे कारण म्हणून त्यात सांगितले आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणून जुन्या उद्योगांचे पुनरुज्जीवन, नव्या उद्योगांची उभारणी व तंत्रशिक्षणाचा व्यापक कार्यक्रम सुचवला आहे. लोकांच्या हितासाठी आवश्यक असेल तेथे उद्योगांचे व्यवस्थापन व मालकी सरकारकडे असावी, हे तत्त्व त्याने स्वीकारले आहे. कुळांना जमीनदारांच्या वसुलीपासून व हकालपट्टीपासून संरक्षण, भूतारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था व खरेदी-विक्री संघ ही शेतीची बाजू. कामगारांची नेमणूक, बडतर्फी व बढती यांवर कायद्याचे नियंत्रण, कामाच्या तासांची कमाल मर्यादा, पुरेसे वेतन, पगारी रजा व स्वस्त भाड्याची आरोग्यकारक घरे ही कारखान्याची बाजू. शहरातील कनिष्ठ मध्यमवर्गीय भाडेकरूला अवाच्या सवा भाड्यापासून संरक्षण, बेकारांसाठी जमिनीवर वसाहती व सार्वजनिक बांधकामे, खेड्यांची योजनाबद्ध रचना, खेड्यात सभागृह व वाचनालय, हेही त्यात आहे.

ही यादीसुद्धा लांबच आहे, असे कोणी म्हणेल. पण तिचे तीन विशेष लक्षात घेतले म्हणजे ही यादी व आजच्या पुस्तिका यांतील अंतर कळते.

पहिला विशेष असा की, यातील जवळजवळ प्रत्येक कलम प्रांताच्या अधिकारातील आहे. जमीनधारणा, कुळांचे हक्क, घरभाडे, शिक्षण, सार्वजनिक बांधकाम, कारखान्यातील कामाच्या अटी, या गोष्टींवर प्रांतिक विधिमंडळ कायदा करू शकत होते. हे अर्थात योगायोगाने घडले नाही. ‘ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती’ हा बाबासाहेबांचा इंग्रजी ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झालेला होता. प्रांताच्या तिजोरीत काय येते, कोठून येते आणि वरच्या सरकारच्या हाती काय राहते, याचा त्यांच्याइतका अभ्यास असलेला दुसरा उमेदवार त्या निवडणुकीत क्वचितच असेल. १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी शेतीवरील अतिरिक्त श्रमशक्ती उद्योगात सामावून घेण्याचा विचार मांडला होता. जाहीरनाम्यातील पहिले निदान तेथून आलेले आहे. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दाखवून दिले होते की, प्राप्तिकराला किमान उत्पन्नाची सूट आहे, पण जमीनमहसुलाला अशी सूट नाही. गरीब व श्रीमंत शेतकऱ्याला तो एकाच न्यायाने भरावा लागतो. म्हणजे उमेदवार होण्याच्या दहा वर्षे आधीच त्यांचा विषय ठरलेला होता.

दुसरा विशेष असा की, हा कार्यक्रम कोणाला दुखावणार हे त्यात लपवलेले नाही. कूळ असा शब्द उच्चारला की समोर जमीनदार उभा राहतो. पगारी रजा म्हटली की गिरणीमालकाच्या हिशेबाची वही उघडते. स्वस्त भाडे म्हटले की चाळमालक अस्वस्थ होतो. ज्या आश्वासनाने कोणीच अस्वस्थ होत नाही, त्याचा खर्च अखेर ज्यांना आवाज नाही त्यांच्यावर ढकलला जातो, हा अनुभव आहे.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा विशेष म्हणजे, निवडून आल्यानंतर काय आधी करावयाचे हे या पक्षाने कृतीने ठरवले. काँग्रेसने आरंभी सत्ता स्वीकारण्यास नकार दिला. काही महिने सर धनजीशा कूपर यांचे तात्पुरते मंत्रिमंडळ आले आणि जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्यानंतर दोन-तीन महिनेही लोटले नाहीत तोच, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक सभागृहात मांडले. महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक, जे त्यांनी १९२८ साली प्रथम मांडले होते, तेही त्यांनी याच काळात पुन्हा पुढे आणले. १७५ जणांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे सदस्य पंधराच्या आसपास होते. मंत्रिपद नव्हते, महामंडळ नव्हते, आमदार निधी नावाची वस्तू तर त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. हाती होते ते केवळ विधेयक मांडण्याचा अधिकार आणि सभागृहाबाहेरची चळवळ.

खोतीचा प्रश्न कोणाला लहान वाटू नये. रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांत सरकार व शेतकरी यांच्यामध्ये खोत उभा होता. सरकारचा सारा भरण्याची जबाबदारी त्याची. त्या बदल्यात कुळाकडून पिकाचा मोठा हिस्सा, बहुधा निम्मा किंवा तिसरा, वसूल करण्याची सत्ता त्याची. वेठ, भेट, नजराणा हे वेगळेच. कुलाबा जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी न कसण्याचा संप सुरू केला आणि तो सहा वर्षे चालला. घरातले धान्य संपले, लोकांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, पण खोताची जमीन कसली नाही. या संपाची मागणी बाबासाहेबांच्या विधेयकात उतरली. विधेयकाने खोताला वाजवी नुकसानभरपाई देऊ केली होती आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमीनमहसूल कायद्याखालील धारकाचा दर्जा द्यावयाचा होता. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून व अन्य भागांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. श्यामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांसारखे सहकारी या लढ्यात होते, हेही नमूद केले पाहिजे. कारण हा पक्ष एका जातीचा होता असा जो समज आहे, त्याला हा लढा उत्तर देतो.

त्याच वर्षी खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. तडजोडीची ठरलेली प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप बेकायदेशीर व शिक्षेस पात्र ठरवणारे ते विधेयक होते. बाबासाहेबांनी सभागृहात त्याला विरोध केला, संप करणे हा स्वातंत्र्याचाच भाग आहे असा युक्तिवाद केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांच्या जोडीने मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला. जाहीरनाम्यात कामगारांविषयी जे लिहिले त्याची ही किंमत त्यांनी मोजली. बहुमताच्या जोरावर ते विधेयक मंजूर झालेच.

आता या साऱ्याचा हिशेब काय? रोखठोक हिशेब मांडावयाचा तर असा की, खोतीचे विधेयक कायद्यात उतरले नाही. महार वतनाचेही उतरले नाही. औद्योगिक कलह कायदा रोखता आला नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो अध्याय संपला. पण पुढचे कायदे पाहावेत. कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा १९३९ सालचा. कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. या सर्वांचे श्रेय एका पक्षाला वा एका नेत्याला देणे इतिहासाला धरून होणार नाही. चरीच्या कुळांपासून ते स्वातंत्र्योत्तर सरकारांपर्यंत अनेकांचा त्यात वाटा आहे. परंतु एवढे निश्चित म्हणता येते की, पंधरा सदस्यांनी जो क्रम लावला तो बारा ते वीस वर्षांत बहुमताला मान्य करावा लागला. मागणी विधेयकाच्या रूपाने लिहिलेली होती, म्हणून ती विझली नाही. घोषणा विसरली जाते. छापलेले विधेयक दप्तरी राहते आणि पुढची पिढी ते उचलते.

१९३७ च्या कार्यक्रमात एक उणीव मात्र दिसते व ती सांगितली पाहिजे. बेकारांसाठी सार्वजनिक बांधकामे काढू असे त्यात होते, पण त्यासाठी पैसा कोण देणार याचे उत्तर जाहीरनाम्याच्या पातळीवर स्पष्ट नव्हते. हे उत्तर महाराष्ट्राने चार दशकांनी दिले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पोहोचला. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील नोकरदार, व्यापारी व व्यावसायिक यांच्याकडून कर घ्यावयाचा, तितकीच रक्कम राज्याने घालावयाची आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम द्यावयाचे, असा तो सरळ व्यवहार होता. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली केंद्राने जो ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याची प्रेरणा येथे होती.

या योजनेच्या अंमलबजावणीत खोटी हजेरीपटे होती, अर्धवट सोडलेली कामे होती, मजुरी वेळेवर न मिळणे होते. त्यावर समाजवादी व डाव्या संघटनांनी मोर्चे काढले आहेत. पण मोर्चा काढता आला तो योजनेमागे कायदा होता म्हणून. मजूर तहसीलदारापुढे उभा राहून ‘काम द्या, नाहीतर बेकारभत्ता द्या’ असे म्हणू शकत होता. आणि खर्च कोणी सोसावयाचा याचे उत्तरही कायद्यातच लिहिलेले होते. १९६९ चा माथाडी कायदा याच जातीचा. हमालाच्या भविष्यनिर्वाह निधीचा, रजेचा व आजारपणाचा खर्च व्यापाऱ्याने मंडळाकडे भरावयाच्या लेव्हीतून भागवावयाचा, हे त्या कायद्याने ठरवून टाकले. हमालाला कोणाच्या औदार्याची वाट पाहावी लागली नाही.

या पार्श्वभूमीवर २०२४ ची विधानसभा निवडणूक पाहावी. जून २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली. वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची ही योजना, आणि तिच्यासाठी वर्षाला ४६ हजार कोटी रुपये लागतील असा अंदाज अर्थसंकल्पात सांगण्यात आला. नोव्हेंबरात निवडणूक झाली. सत्ताधारी महायुतीने ही रक्कम २,१०० करू असे सांगितले; विरोधी महाविकास आघाडीने ३,००० देऊ असे सांगितले. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्यांना कर्जमाफीचेही वचन दिले. ही रक्कम कोणत्या कराने उभी राहील, हे दोघांनीही सांगितले नाही. महायुतीला प्रचंड बहुमत मिळाले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० रुपयांची तरतूद नव्हती, योजनेवरील तरतूद ३६ हजार कोटींवर आली होती, महसुली तूट सुमारे ४५ हजार कोटी रुपये दाखवली होती व राज्यावरील कर्जाचा अंदाज नऊ लाख कोटींच्या पुढे गेला होता. त्याच वर्षी पात्रतेच्या पडताळणीत लाखो स्त्रियांचे हप्ते थांबवण्यात आले.

समाजवाद्याने या योजनेची टिंगल करता कामा नये. जी स्त्री दिवसभर राबूनही स्वतःच्या हाती एक रुपया पाहत नाही, तिच्या खात्यावर दरमहा दीड हजार येणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. ‘फुकटेपणा’ हा शब्द ज्यांच्या तोंडी सहज येतो, त्यांनी उद्योगांना दिल्या जाणाऱ्या सवलतींबद्दल तो कधी वापरलेला नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. ही योजना शासन निर्णयाने आली. तिच्यामागे कायदा नाही, म्हणून हप्ता थांबला तर त्या स्त्रीला ‘हा माझा हक्क आहे’ असे म्हणून दाद मागण्यास भक्कम जागा नाही. तिच्यासाठी कोणावर नवा कर बसला नाही, म्हणून तिचा भार कर्जावर व इतर खात्यांच्या कपातीवर पडतो, आणि ती कपात बहुधा सरकारी दवाखान्यात व सरकारी शाळेतच होते. जी स्त्री हप्ता घेते, तीच तालुक्याच्या दवाखान्यात औषध नसल्यामुळे बाहेरून विकत आणते. एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसा जातो आणि मध्ये औषधविक्रेता व सावकार आपला वाटा घेतात.

म्हणून आपल्या उमेदवाराने २,१०० व ३,००० च्या लिलावात ३,५०० ची बोली लावणे हा मार्ग नव्हे. त्याने म्हणावे की, ही रक्कम कायद्याने द्या, तिचा करदाता ठरवा, आणि तिच्याबरोबर दवाखान्यातील औषधाची हमीही कायद्यात घाला. करदाता ठरवणे हे अवघड काम आहे हे आम्ही जाणतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्यांच्या हाती स्वतंत्र कर फार थोडे उरले आहेत. व्यवसाय करावर घटनेनेच मर्यादा घातली असून १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती वर्षाला २,५०० रुपये ठरवली. तरीही मुद्रांक शुल्क आहे, अबकारी आहे आणि शहरांतील जमिनीच्या किमतीत होणारी अनर्जित वाढ आहे. सरकारी पैशाने मेट्रो येते, महामार्ग येतो आणि शेजारच्या भूखंडाचा मालक हात न हलवता श्रीमंत होतो. या वाढीतील वाजवी हिस्सा समाजाने परत घ्यावा, ही मागणी जुनी आहे. ती आपल्या उमेदवाराच्या तोंडून प्रचारसभेत ऐकू आली पाहिजे.

येथे आमचे काही कार्यकर्ते दोन आक्षेप घेतील. पहिला असा की, मतदाराला कायदे नकोत, कामे हवीत. तो गटार विचारतो, पाण्याचा टँकर विचारतो, मुलाची नोकरी विचारतो. ही गोष्ट खरी आहे. परंतु स्थानिक गाऱ्हाणे व राज्याचे धोरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे मानणे ही चूक आहे. परळच्या चाळीतील भाडे हे स्थानिकच गाऱ्हाणे होते. त्याचे रूपांतर भाडेनियंत्रणाच्या मागणीत झाले. दुसरे उदाहरण सांगोल्याचे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ साली तेथून प्रथम निवडून आले. मध्ये दोनदा, १९७२ व १९९५ साली, ते पराभूत झाले. पण २०१४ पर्यंत एकूण अकरा वेळा त्या दुष्काळी तालुक्याने त्यांना विधानसभेत पाठवले. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा पहिला अग्रक्रम कोणता, हे तालुक्यात कोणालाही विचारले असते तरी उत्तर एकच मिळाले असते: पाणी. पण ते पाणी केवळ सांगोल्यापुरते मागितले गेले नाही. नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत आटपाडीच्या पाणी परिषदांतून कृष्णेच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची मागणी पुढे आली व तिच्यात शेजारचे दुष्काळी तालुके सामील झाले. एक तालुका आपल्यासाठी टँकर मागतो तेव्हा तो उपकार मागतो. तेरा तालुके समान वाटप मागतात तेव्हा ते धोरण मागतात.

दुसरा आक्षेप असा की, आपला पक्ष लहान आहे. आपले सरकार येणार नाही. मग विधेयके लिहून काय उपयोग? १९३७ चा सारा इतिहास याच प्रश्नाचे उत्तर आहे. उलट, ज्याला सत्ता मिळणार नाही हे ठाऊक आहे, त्याला खोटे बोलण्याचे कारणच उरत नाही. लहान पक्षाची ही मोकळीक आपण वापरत नाही आणि मोठ्या पक्षांच्या पुस्तिकांची स्वस्त आवृत्ती काढतो. मतदाराला आवृत्तीपेक्षा मूळ प्रत अधिक पसंत पडते, यात नवल नाही.

तेव्हा मतदारसंघ समित्यांनी आतापासून पुढील क्रमाने काम करावे, अशी आमची सूचना आहे. प्रथम, वाड्यावस्त्यांवर व कामगारवस्त्यांत बैठका घेऊन गाऱ्हाणी नोंदवावीत. त्यांतून तीनच निवडावीत. चौथे कोणी सुचवले तर आधीच्या तिन्हींपैकी कोणते काढावयाचे, हे सुचवणाऱ्यानेच सांगावे. दुसरे, ही तिन्ही गाऱ्हाणी राज्याच्या अधिकारातील आहेत काय, हे जाणकारांकडून तपासून घ्यावे. परराष्ट्र धोरणावर ठराव करण्यास विधानसभेची जागा नको. तिसरे, प्रत्येक गाऱ्हाण्याचे अशासकीय विधेयक तयार करावे. बीड-अहिल्यानगरच्या मतदारसंघात ते ऊसतोड मजुरांसाठी माथाडी कायद्याच्या धर्तीवर असेल. शहरात ते कंत्राटी सफाई कामगाराला कायम कामगाराइतके वेतन देणारे असेल. दुष्काळी पट्ट्यात ते भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा देणारे असेल. चौथे, त्याचा खर्च कोण सोसणार, त्या वर्गाचे नाव विधेयकात स्पष्ट लिहावे. आणि पाचवे, या तीन गोष्टींसाठी कोणत्या गोष्टी मागे ठेवाव्या लागतील, हे उमेदवाराने सभेत स्वतःहून सांगावे. सभामंडप यंदा होणार नाही, कारण दवाखान्याला परिचारिका हवी आहे, असे गावात उभे राहून सांगणे कठीण आहे. काही मते जातील. जी राहतील ती टिकाऊ असतील, आणि निवडणूक हरली तरी त्या मतांच्या आधाराने पुढची पाच वर्षे चळवळ करता येईल.

प्रत्येक मतदारसंघ समितीने आपला पहिला अग्रक्रम एका पानात लिहून या साप्ताहिकाकडे पाठवावा. गाऱ्हाणे काय, त्याचा कायदा कोणता, खर्च कोणाचा आणि मागे काय ठेवले, या चार प्रश्नांची उत्तरे त्या पानात असावीत. आलेली पाने आम्ही क्रमाने छापू, त्यांवर चर्चा घडवू, मतभेदांनाही जागा देऊ. उमेदवार कोण, हा प्रश्न त्यानंतर घ्यावा. जो ती चार उत्तरे भर सभेत, विरोधकांच्या प्रश्नांना तोंड देत, न अडखळता देऊ शकेल, त्याचे नाव समितीने सुचवावे.